सावकाशरावांचा बंब कोणी चालवायचा

अग्निशमन दलाचा जवान कधीच मरत नाही; तो फक्त शेवटच्या कामगिरीवर रवाना होतो. हे वाक्य आमच्या नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत, बरोबर मध्यभागी छापलेलं आहे. दुसऱ्या पानापासून तो मेल्यावर काय काय करायचं याची चौतीस पानं आहेत.

मी या केंद्रात कारकून म्हणून लागलो तेव्हापासून ती पुस्तिका माझ्या कपाटात आहे. तिचा खराखुरा उपयोग करायची वेळ मात्र कधी आली नव्हती. आमची माणसं निवृत्त व्हायची, मुलांकडे दुसऱ्या गावी राहायला जायची आणि तिकडेच, आमच्या हद्दीबाहेर, कुणाला न कळवता मरायची. साहेबांना याची खंत होती. ते तसं बोलून दाखवत नसत, पण वर्षातून एकदा सगळ्या पथकाला आवारात उभं करून ते निरोपाची रंगीत तालीम घेत. शवपेटीत बचावाच्या सरावाचा रबरी पुतळा ठेवलेला असे. आजवर त्या पुतळ्याला एकवीस वेळा साश्रू निरोप दिला गेला आहे, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी तो दोरीने दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरवला गेला आहे.

मग सावकाशराव गेले.

सावकाशराव म्हणजे आमच्या दोन नंबरच्या बंबाचे चालक. सव्वीस वर्षं त्यांनी तो एकच बंब चालवला आणि सव्वीस वर्षांत त्याला एक ओरखडा येऊ दिला नाही. आगीच्या ठिकाणी ते अकरा मिनिटांत पोहोचत. आग जवळ असो की लांब, अकराच. एक नंबरचा बंब चार मिनिटांत पोहोचायचा, कारण तो ‘विमान’ चालवायचा. हे टोपणनाव त्याला लोकांनी दिलं होतं आणि ‘सावकाश’ हे नाव त्याने स्वतः या गृहस्थांना दिलं होतं. “आग विझली की सावकाश्या पाहणीला येतो,” हा विमानचा विनोद केंद्रात इतका जुना झाला होता, की नवीन भरती झालेल्यांना तो पहिल्याच आठवड्यात सांगण्यात येई. यावर सावकाशराव एवढंच म्हणत, “तू चार मिनिटांत पोहोचतोस, पण शिडी मागे रस्त्यात पडलेली असते. ती उचलून आणायला कुणीतरी लागतंच.” हे दोनदा खरोखरच घडलं होतं.

निवृत्तीला तीन महिने उरलेले असताना सावकाशराव दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुस्तिकेत मृत्यूचे तीन वर्ग आहेत. कामगिरीवर असताना गेलात तर पहिला : घंटा, बंब, पथक, सगळं. नोकरीत आहात पण घरी गेलात तर दुसरा : घंटा नाही, बाकी सगळं. निवृत्तीनंतर गेलात तर तिसरा : दोन परिच्छेदांचा छापील शोकसंदेश, नावाची जागा कोरी. म्हणजे तीन महिने धीर धरला असता तर सावकाशरावांच्या वाट्याला दोन परिच्छेद आले असते. जन्मभरात ते एकदाच कुठेतरी वेळेआधी पोहोचले, ते हे.

साहेबांना मनापासून वाईट वाटलं. वाईट वाटता वाटताच त्यांनी पुस्तिका मागवली आणि मला म्हणाले, “त्यांचा फॉर्म काढा.”

प्रत्येक सदस्याने नोकरीत असताना एक ‘अंतिम इच्छा फॉर्म’ भरून ठेवायचा असतो. हेल्मेट शवपेटीवर ठेवायचं की घरी द्यायचं, पुढच्या सीटवर जवळचा कोणता नातेवाईक बसणार, असे बारा प्रश्न. मी वाचत गेलो आणि साहेब मान हलवत गेले. कलम नऊशी आलो आणि मी थांबलो.

“काय झालं?”

“कलम नऊ, साहेब. ‘माझे पार्थिव नेणाऱ्या वाहनाचा चालक.’ विमानचं नाव आहे.”

साहेबांनी चष्मा काढून फॉर्म स्वतःच्या हातात घेतला. अक्षर सावकाशरावांचंच होतं, गोल आणि घाई नसलेलं. खाली कंसात लिहिलं होतं : ‘अट : वाटेत कुणालाही ओव्हरटेक करू नये.’

हे विचित्र वाटण्याचं कारण असं, की आठ वर्षांपूर्वी विमानने एकदा न विचारता दोन नंबरचा बंब बाहेर काढला होता आणि फाटकाच्या खांबाला लावता लावता वाचवला होता. लागला नव्हता, फक्त लागला असता. त्यावरून सावकाशरावांनी त्याच्याशी चार वर्षं अबोला धरला. बोलायचे ते फक्त वायरलेसवर, कारण तिथे नियमाने बोलावंच लागतं. एकाच टेबलावर समोरासमोर डबा खाताना एक अक्षर नाही, आणि बंबात चढले की, “एक नंबर, तुमचं मागचं दार उघडं आहे, ओव्हर.”

विमानला बातमी मी सांगितली. तो पाण्याचे पाइप वाळत घालत होता. त्याने हातातला पाइप खाली ठेवला आणि बराच वेळ पाइपाकडेच बघत राहिला.

“मला? दोन नंबर? मी?”

“तुझंच नाव आहे.”

“पण का? सूड म्हणून, की माफ केलं म्हणून?”

“ते फॉर्मवर लिहिलेलं नाही.”

“तू वाच ना नीट. तुझं कामच आहे ते.”

मी पुन्हा वाचलं. सूड किंवा माफी यांच्यासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता.

आता अडचण काय होती ते सांगतो. पुस्तिकेप्रमाणे सदस्याचं पार्थिव त्याच्या स्वतःच्या बंबावरूनच न्यायचं असतं, आणि बंबाच्या दोन्ही बाजूंनी तीन तीन जवान चालत असतात. म्हणजे बंब चालत्या माणसाच्या वेगाने जायला हवा. दोन नंबरचा बंब म्हातारा. त्याचा क्लच फक्त सावकाशरावांना कळत असे. दुसऱ्या कुणी पाय ठेवला की बंब एक उडी मारून बंद पडे. आणि विमानने उभ्या आयुष्यात पहिला गियर वापरलाच तर केंद्राच्या दारापर्यंत.

याहून मोठी अडचण कलम सतराची होती : ‘मार्गात वाहन थांबल्यास पथकाने थांबावे, वाहनाकडे वळावे, हेल्मेट काढून दहा अंक मोजेपर्यंत मानवंदना द्यावी व मगच मार्गस्थ व्हावे.’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बंब सदस्याच्या घरापुढे दोन मिनिटं थांबतो, असं काहीतरी हृद्य चित्र असावं. बंद पडणाऱ्या बंबाचा त्याने विचार केला नव्हता.

“साहेब, बंद पडणं म्हणजे काय थांबणं नव्हे,” विमानने आदल्या दिवशीच्या तालमीत विनवून पाहिलं.

“चाकं फिरत असतात का?”

“नाही.”

“मग थांबणंच.”

तालमीत बंब अकरा वेळा बंद पडला. पुतळ्याला अकरा मानवंदना मिळाल्या आणि शेवटच्या उडीला पुतळा पेटीसकट मागे सरकला. “अरे, निदान मेलेल्याला तरी मारू नकोस,” पथकातला एकजण म्हणाला. एरवी अशा बोलण्यावर विमान दहा उत्तरं देई. त्या दिवशी खाली उतरून तो माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, “उद्या सगळ्या गावासमोर त्याला असा हिसके देत नेला ना, तर वर जाऊन तो पुन्हा अबोला धरेल. आणि या वेळी वायरलेससुद्धा नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निघालो. स्मशानभूमी अडीच किलोमीटर, अंत्यविधीची वेळ साडेअकरा. बंब धुऊनपुसून लख्ख केला होता. वरचे पाइप काढून तिथे पेटी बांधली होती आणि पेटीवर सावकाशरावांचं हेल्मेट होतं. चालकाला आगीत शिरावं लागत नाही, त्यामुळे सव्वीस वर्षांनंतरही ते इतकं कोरं होतं, की साहेबांनी मला दोनदा विचारलं, “नक्की त्यांचंच ना?”

पुढच्या सीटवर सावकाशरावांच्या पत्नी बसल्या. आमच्या सगळ्यांच्या वहिनी. मी मागच्या सीटवर पुस्तिका मांडीवर घेऊन बसलो, कारण वाटेत शंका आली तर कलम सांगायला कुणीतरी हवं होतं. साहेब बंबाच्या पुढे पायी.

फाटकातच बंब बंद पडला. पथक थांबलं, वळलं, हेल्मेट काढली, दहा मोजले.

दुकानांच्या रांगेपाशी दुसऱ्यांदा. न्हावी आतून धावत आला, त्याच्या मागोमाग अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक. दोघंही छातीवर हात ठेवून उभे राहिले. बंब सुरू झाला आणि पंधरा पावलांवर पुन्हा बंद पडला, तेव्हा त्यांना आत जावं की थांबावं ते कळेना. साबण वाळेपर्यंत ते तिथेच उभे होते.

चौकापर्यंत सात मानवंदना झाल्या. साडेदहा वाजून गेले होते आणि आम्ही जेमतेम अर्धा किलोमीटर आलो होतो. ओव्हरटेक न करण्याची अट आमच्यापुरती होती, पण मागच्यांनीही ती मनावर घेतली असावी; मागे गाड्यांची लांबलचक रांग लागली होती. त्यातल्या एका स्कूटरवाल्याला कुठेच वळता आलं नाही. तो बिचारा शेवटपर्यंत आला आणि स्मशानभूमीतल्या वहीत सही करून गेला.

विमानच्या कपाळावरून घाम टपटपत होता. दर वेळी बंब हिसका देऊन थांबला, की तो वहिनींकडे न बघता म्हणे, “माफ करा हं वहिनी.” आठव्या वेळी वहिनींनी पर्स मांडीवरून बाजूला ठेवली.

“भाऊजी, तुम्ही त्याला चिरडताय.”

“कुणाला?”

“क्लचला. झुरळ मारल्यासारखा पाय देताय. पायाखाली मांजर झोपलंय असं समजा. ते उठता कामा नये.”

विमानने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही चालवता?”

“मी कशाला चालवू? सव्वीस वर्षं जेवताना मी याच्या क्लचबद्दलच ऐकलंय. मुलीचं लग्न ठरलं त्या दिवशीसुद्धा आधी क्लच, मग मुलगा. हं, सोडा आता. अर्धाच. थांबा तिथे. तो थरथरतो, मग सोडायचं.”

बंब थरथरला. विमानने पाय सोडला. बंब पुढे सरकला, आणि सरकतच राहिला.

“आणि बोला त्याच्याशी,” वहिनी म्हणाल्या.

“कुणाशी?”

“बंबाशी. हे बोलायचे. मला ‘अगं’ म्हणायचे आणि याला ‘अहो’.”

“मी बंबाला ‘अहो’ म्हणू?”

“नका म्हणू. मग उतरून ढकला.”

विमानने आरशात माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तिका चाळल्यासारखं केलं. तो अगदी पुटपुटत म्हणाला, “अहो, चला.”

“मोठ्याने. इंजिन कुठे ऐकतंय इतकं हळू?”

“अहो, चला! चला, अहो! बास, असंच, असंच!”

खिडकीच्या काचा उघड्या होत्या. पुढे चालणाऱ्या साहेबांना वाटलं हे आपल्याला चाललंय, आणि त्यांनी पावलं उचलली. पथकानेही उचलली. चौकापासून पुलापर्यंत बंब एकदाही थांबला नाही. विमानचा पाय मांजरावर, तोंडात ‘अहो’, आणि वेग ताशी जेमतेम दोन किलोमीटर. एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत फुटपाथवरून आमच्या पुढे निघून गेल्या. विमानने त्यांना जाऊ दिलं. विमानला कुणी मागे टाकल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

पुलावर चढ होता. तिथे विमानने एकदम विचारलं, “वहिनी, त्याने माझंच नाव का लिहिलं?”

“समोर बघा.”

“बघतोय. पण का? रागच होता ना त्याचा?”

“राग होताच की. तुमचं नाव निघालं की भाजीत मीठ कमी व्हायचं.”

“मीठ तुम्ही घालत होतात.”

“चव ते घेत होते ना.” वहिनींनी पर्स पुन्हा मांडीवर घेतली. “तुम्ही चार मिनिटांत पोहोचलात की यांना बरं वाटायचं हं. म्हणायचे, तो पुढे गेलाय म्हणजे माणसं बाहेर निघाली असतील. आता मला पाणी व्यवस्थित नेता येईल.”

चढावर बंब धापा टाकायला लागला, तेव्हा विमान म्हणाला, “अहो, थोडंच राहिलंय.” बंबाला म्हणाला, असं मी धरून चाललो.

आम्ही अकरा एकेचाळीसला पोहोचलो. ठरलेल्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं उशिरा. कुणीतरी घड्याळ पाहून हसलं, मग खोकला आल्याचं दाखवलं. वहिनी मात्र उघड हसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “बघा. सुधारले नाहीत.”

आता शेवटचा भाग उरला होता, पुस्तिकेतलं कलम एकवीस : ‘अंतिम पुकारा’. केंद्रातून वायरलेसवर सदस्याला तीन वेळा हाक मारायची. दर हाकेनंतर दहा सेकंद थांबायचं. उत्तर येत नाही. मग नोंद बंद झाल्याचं जाहीर करायचं आणि सगळ्यांनी मानवंदना द्यायची. साहेबांनी हा भाग फार मनापासून बसवला होता. बंबाच्या छपरावर भोंगा लावला होता, म्हणजे हाक सगळ्यांना ऐकू जाईल. हाक मारणार होत्या कंट्रोलच्या ताई, ज्यांनी सावकाशरावांना गेली सतरा वर्षं रोज हाका मारल्या होत्या.

भोंगा खरखरला. “दोन-चालक, दोन-चालक, कंट्रोल.” दहा सेकंद. कुणी हललं नाही.

“दोन-चालक, दोन-चालक, कंट्रोल.” सावकाशराव पहिल्या दोन हाकांना कधीच उत्तर देत नसत. आधी आरसा ठीक करायचे, सीट पुढे घ्यायचे, मग तिसऱ्या हाकेला म्हणायचे, “आलो, आलो.” तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. त्यामुळे दुसऱ्या हाकेनंतरची दहा सेकंदं कुणाला जड गेली नाहीत. तिसरी हाक यायची होती.

“दोन-चालक, दोन-चालक, कंट्रोल.”

शांतता. साहेबांचा हात मानवंदनेसाठी वर निघाला होता. वहिनींनी पेटीकडे पाहिलं.

आणि भोंग्यातून आवाज आला, “दोन-चालक बोलतोय. जागेवर पोहोचलो. थोडा उशीर झाला. ओव्हर.”

सगळ्यांच्या माना एकदम पेटीकडे वळल्या. न वळवणं शक्यच नव्हतं. पथकातल्या एकाच्या हातून हेल्मेट पडून घरंगळत गेलं. माझी नजर आधी बंबाकडे गेली. विमान चालकाच्या सीटवर ताठ बसला होता, हातात माइक, डोळे समोर. दोन-चालक हे आमच्याकडे माणसाचं नाव नसतं, सीटचं असतं. त्या सीटवर जो असेल त्याने तिसऱ्या हाकेपर्यंत उत्तर द्यायचं, हे नोकरीतल्या पहिल्या दिवसापासून हाडात मुरवलेलं असतं. विमान त्या सीटवर होता. हाक आली. त्याने उत्तर दिलं.

ताईंना काय करावं सुचेना. त्यांच्यापुढच्या कागदावर पुढचं वाक्य होतं, ‘उत्तर नाही.’ भोंगा बराच वेळ नुसता खरखरत राहिला, मग त्या म्हणाल्या, “ठीक आहे, दोन-चालक. काळजी घ्या. ओव्हर.”

साहेबांनी मानवंदना दिली. दुसरं काय करणार? नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “उत्तर आलं तर काय करायचं, याचं कलम आहे का?” मी पाहिलं. नव्हतं.

वहिनींनी निघताना विमानचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “छान आणलंत हो.” त्यावर तो खांबासारखा उभा राहिला आणि मग बंबाच्या मागच्या बाजूला जाऊन बराच वेळ टायरची हवा तपासत बसला.

तेव्हापासून विमानच दोन नंबर चालवतो. आपणहून मागून घेतला. हल्ली तो आगीच्या ठिकाणी नऊ मिनिटांत पोहोचतो, आणि शिडी सोबत असते. केंद्रात आता अशी गोष्ट सांगतात, की सावकाशरावांनी जाता जाता त्याला माफ केलं, आपला बंब आणि आपली रीत त्याच्या स्वाधीन केली. मोठ्या मनाचा माणूस. साहेब तर नव्या भरतीला ही गोष्ट सांगताना दोनदा थांबतात. वहिनीही आताशा तसंच म्हणतात.

मागच्या आठवड्यात विमान माझ्या टेबलाशी आला. “तो फॉर्म एकदा दाखव,” म्हणाला. “कलम नऊ. मला फ्रेम करून लावायचंय.”

मी सावकाशरावांची फाईल काढली. आत दोन फॉर्म होते. वरचा आम्ही वाचलेला. खालचा त्याच्या एक महिना आधीचा, नामंजूर झालेला. त्यात कलम नऊसमोर, वाहनचालक म्हणून, सावकाशरावांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. शेजारी लाल शाईत शेरा होता : ‘मृत सदस्यास स्वतःचे वाहन चालवता येणार नाही. त्याच पाळीतील दुसऱ्या परवानाधारक चालकाचे नाव द्यावे.’ खाली सही माझी आहे.

आमच्या पाळीत परवानाधारक चालक दोनच होते.